जुना कमोड, घराची विक्री आणि एक सही

वाचकाची अडचण: कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो शहरात राहणारे एक निवृत्त गृहस्थ. घर १९७२ साली बांधलेलं, त्यांनी १९८९ मध्ये विकत घेतलेलं. आता मुलाजवळ टेक्सासला जायचं म्हणून घर विकायला काढलं, एका तरुण जोडप्याची ऑफर स्वीकारली, एस्क्रोही (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे आणि कागद तिऱ्हाइताकडे ठेवण्याची सोय) उघडला. तेवढ्यात एजंटबाईंनी एक फॉर्म पाठवला. घरातले कमोड, शॉवर आणि नळ पाणी वाचवणारे आहेत असं त्यावर सही करून द्यायचं आहे. दोनपैकी एका बाथरूममधला कमोड घराइतकाच जुना, फिकट निळा. दुसरा मधे कधीतरी बदललेला. खरेदीदार म्हणतात, आम्ही दोन्ही बाथरूम तोडून नव्याने करणार आहोत. मंडळातले एक स्नेही सांगतात, ‘सही करून मोकळे व्हा, कोण येतंय बघायला!’ पत्नीला हे अजिबात मान्य नाही. पुढे वाचक लिहितात: ‘आम्ही मूळचे सोलापूरचे. नळाला पाणी आलं की घागरी-हंडे भरून ठेवायचे, यातच लहानपण गेलं. आजही आम्ही दोघं बादलीनेच अंघोळ करतो, शॉवर सुरूसुद्धा करत नाही. मग पाणी वाचवायचं आम्हाला कोणी का शिकवावं? आणि दोन महिन्यांत जे उखडून टाकलं जाणार, ते नवं आणून बसवणं म्हणजे बचत की नासाडी? निळा कमोड पन्नास वर्षांत एकदाही तुंबलेला नाही. मी काय करावं?’

नमस्कार,

तुमच्याकडे दिवस मोजकेच आहेत, म्हणून आधी उत्तर सांगतो आणि मग कारणांकडे येतो. स्नेह्यांचं ऐकून सही करू नका. मात्र सही करायची नाही याचा अर्थ उद्याच्या उद्या दोन नवे कमोड आणायला धावायचं, असाही नाही. तुमच्या शहराच्या नियमात तिसरी वाट आहे आणि तुमच्या परिस्थितीत तीच सगळ्यात सरळ दिसते. ती वाट नेमकी कोणत्या अटीवर धरायची, ते पुढे लिहितो.

पण तुमच्या पत्रात खरी सल वेगळीच आहे. ‘आम्हाला कोणी का शिकवावं’ हे वाक्य मी पुन्हा वाचलं. सोलापूरला आजही पाणी काही दिवसांआड येतं. त्या गावातून गेलेल्या माणसाला पाण्याची किंमत एका छापील फॉर्मने विचारावी, याचं वाईट वाटणं मला समजतं. तुमची सवय चांगली आहे आणि ती तुम्ही परदेशात इतकी वर्षं टिकवलीत, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

फक्त एक हिशेब माझ्याबरोबर करून पाहा. १९७२ सालच्या कमोडची टाकी साधारण पाच गॅलनची असते, काहींची त्याहूनही मोठी. पाच गॅलन म्हणजे एकोणीस लिटर. तुमची अंघोळीची बादली केवढी आहे? पंधरा लिटरची, फार तर वीस. म्हणजे त्या निळ्या कमोडचा एक फ्लश ही तुमची एक अख्खी अंघोळ आहे. बादलीत जे वाचवता, ते सकाळी पहिल्यांदा साखळी ओढताच निघून जातं. दोन माणसांचे मिळून दिवसाला दहा फ्लश धरले तर जुन्या कमोडला १९० लिटर लागतात. आज कॅलिफोर्नियात विकायला ठेवलेला नवा कमोड १.२८ गॅलनचा, म्हणजे ४.८ लिटरचा असतो. त्याला तेवढ्याच वापरात ४८ लिटर पुरतात. फरक रोजचा १४० लिटरचा. वर्षाला पन्नास हजार लिटरच्या वर जातो तो. आपल्याकडचा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. असे पाच टँकर वर्षाला, दोन काटकसरी माणसांच्या घरातून, कोणाची काहीही चूक नसताना.

म्हणून तुमच्या पत्रातलं पहिलं गृहीत मला हलवून पाहावंसं वाटतं. हा नियम तुमच्या सवयींबद्दल बोलतच नाही. तो घराबद्दल बोलतो. तुम्ही बादलीने अंघोळ करता, पण उद्या तिथे येणारं जोडपं शॉवर घेईल, त्यांना मुलं होतील, पाहुणे येतील. घर आणखी पन्नास वर्षं उभं राहील आणि त्यात कोण कसं राहील हे कोणालाच सांगता येणार नाही. मालक बदलतो तेव्हा घराच्या नळजोडण्यांकडे, म्हणजे कमोड, शॉवर आणि नळांकडे, एकदा बघण्याची संधी मिळते. एरवी कोणी कोणाच्या बाथरूममध्ये डोकावत नाही, आणि डोकावूही नये.

हा नियम आला तेव्हा तुम्ही सॅन दिएगोतच होतात. १९८७ पासून कॅलिफोर्नियात दुष्काळ चालू होता. त्या वेळी सॅन दिएगोचं जवळजवळ सगळं पाणी एकाच घाऊक पुरवठादाराकडून, दक्षिण कॅलिफोर्नियाच्या मेट्रोपॉलिटन वॉटर डिस्ट्रिक्टकडून येत असे. १९९१ मध्ये त्यांनी पुरवठ्यात तीस टक्क्यांहून जास्त कपात केली. तुम्ही घर घेऊन दोन वर्षं झाली असतील. अंगणातलं गवत सुकलेलं तुम्हाला आठवत असेल. घर विकताना नळजोडण्या बदलण्याचा शहराचा नियम त्याच काळातला आहे. नंतर सॅन दिएगोने इंपीरियल खोऱ्यातल्या शेतीचं पाणी करार करून विकत घेतलं, २०१५ च्या अखेरीस कार्ल्सबादला समुद्राचं पाणी गोडं करणारा मोठा प्रकल्प सुरू झाला. ही सगळी महागडी तजवीज. त्या तुलनेत जुना कमोड बदलणं हा पाणी मिळवण्याचा अगदी स्वस्त मार्ग आहे. सॅन दिएगोत वर्षाला जेमतेम दहा इंच पाऊस पडतो. सोलापूरला याच्या दुपटीहून जास्त पडतो आणि तरी सोलापूरला आपण दुष्काळी म्हणतो.

आता स्नेह्यांच्या सल्ल्याकडे येऊ. ‘कोण येतंय बघायला?’ बघायला येणारा माणूस ठरलेलाच आहे. खरेदीदाराने पैसे देऊन नेमलेला होम इन्स्पेक्टर. तो टाकीचं झाकण उचलतो, फोटो काढतो, अहवालात लिहितो. तुमचा निळा कमोड तर झाकण न उचलताही आपलं वय सांगेल. तो अहवाल आणि तुमची सही असलेला कागद एकाच फायलीत जातील. कॅलिफोर्नियात विक्रेत्यावर खरी माहिती उघड करण्याची जबाबदारी फार कडक आहे. ‘आहे तसं’ या अटीवर घर विकलं तरी ती सुटत नाही. तुम्ही जाणूनबुजून खोटं लिहून दिलंत असं पुढे निघालं, तर खरेदीदार तुमच्यावर दावा लावू शकतो. मग भांडण दोन कमोडांपुरतं राहत नाही. ‘इथे खोटं लिहिलं, तर छपराबद्दल आणि पायाबद्दल खरं कशावरून?’ असा प्रश्न कोणताही वकील विचारेल. तुम्ही टेक्सासला नातवंडांत रमलेले असाल आणि सॅन दिएगोहून पत्रं येत राहतील.

आणि समजा, कधीच कोणी विचारलं नाही. तरी तुमच्या पत्नी बरोबर आहेत. ते जोडपं तुमच्या सहीवर विसंबून आयुष्यातलं सगळ्यात मोठं कर्ज काढतंय. स्नेही वाईट माणूस आहेत असं मला म्हणायचं नाही. आपल्याकडे सरकारी फॉर्म म्हणजे निव्वळ उपचार, ही समजूत फार जुनी आहे आणि तिला आपल्याकडे कारणंही आहेत. पण या फॉर्मच्या पलीकडे सरकारी बाबू नाही, एक कुटुंब आहे.

तुमचा दुसरा प्रश्न, उखडून टाकायच्या वस्तूवर खर्च करण्याचा, तो मला जास्त विचार करण्यासारखा वाटला. भट्टीत भाजलेली नवी पोर्सिलेनची वस्तू आणायची, दोन महिन्यांनी ती कचऱ्यात घालायची, हे तुम्हाला खुपतं आणि खुपायलाच हवं. इथेच ती तिसरी वाट कामाला येते. सॅन दिएगो शहराकडे जबाबदारी हस्तांतर करण्याचा वेगळा फॉर्म आहे. विक्रेता आणि खरेदीदार दोघांनी सह्या केल्या की जुन्या जोडण्या बदलण्याचं काम खरेदीदाराकडे जातं आणि ताबा मिळाल्यावर ठरलेल्या मुदतीत त्याने ते पूर्ण करायचं असतं. तुम्ही खोटं काहीच लिहीत नाही. उलट ‘जोडण्या जुन्या आहेत, आणि त्या हे बदलणार आहेत’ असं स्पष्ट लिहून देता. एजंटबाईंना फोन करा आणि म्हणा, ‘प्रमाणपत्राऐवजी जबाबदारी हस्तांतराचा फॉर्म भरायचा आहे, खरेदीदारांच्या एजंटशी बोला.’ अशी मागणी त्यांनी पहिल्यांदा ऐकलेली नसेल.

मात्र त्याआधी खरेदीदारांना एक प्रश्न विचारा. बाथरूम करणार म्हणजे नेमकं कधी? ‘कंत्राटदार ठरलाय, मार्चमध्ये काम सुरू’ हे एक उत्तर झालं. ‘कधीतरी करूच’ हे दुसरं. घर घेताना सगळेच खूप काही करणार असतात. मग हप्ता सुरू होतो, गाडी बिघडते, बाळ होतं, आणि निळा कमोड आणखी पंधरा वर्षं काढतो. पहिलं उत्तर आलं तर हस्तांतराचा फॉर्म भरा. परवाना काढून बाथरूमचं काम केलं की तिथे पाणी वाचवणाऱ्याच जोडण्या बसवाव्या लागतात, त्यामुळे पाण्याचंही नुकसान नाही. दुसरं उत्तर आलं, किंवा उत्तर देताना ते घुटमळले, तर कमोड तुम्ही बदलून द्या आणि प्रमाणपत्रावर निर्धास्त मनाने सही करा.

हस्तांतर केलंत तर आपण आपला खर्च त्या पोरांवर ढकलला, असं वाटून घेऊ नका. किमतीतून काही रक्कम वजा करून द्या. साधारण बरा कमोड दोनशे-तीनशे डॉलरला मिळतो, वर प्लंबरची मजुरी. त्या अंदाजाने दोन कमोडांचं क्रेडिट ठरवा. एकच काळजी घ्या: ही रक्कम एस्क्रोच्या कागदांत लिहिलेली असू दे. हातावर चेक ठेवू नका, तोंडी ठरवू नका. खरेदीदाराच्या बँकेला प्रत्येक देवघेव हिशेबात दिसायला हवी असते.

शॉवर आणि नळांचं मात्र वेगळं आहे. ते कोणतंही उत्तर आलं तरी तुम्हीच बदला. काम तासाभराचं, खर्च किरकोळ. आणि बदलण्याआधी मोजा, कारण कदाचित बदलायची गरजही नसेल. दुधाचं एक गॅलनचं रिकामं कॅन घ्या, त्याचं तोंड कापून रुंद करा, शॉवर पूर्ण सोडून त्याखाली धरा आणि घड्याळ बघा. चोवीस सेकंदांच्या आत कॅन भरलं तर शॉवर मिनिटाला अडीच गॅलनपेक्षा जास्त पाणी सोडतोय, म्हणजे मर्यादेबाहेर. नळांसाठी मर्यादा मिनिटाला २.२ गॅलनची आहे, तिथे सत्तावीस सेकंद धरा. नळाच्या तोंडाशी जी गोल जाळी असते तिच्या कडेवर बहुधा हा आकडा बारीक अक्षरात कोरलेला असतो. भिंग लागेल. जाळी हाताने फिरत नसेल तर पान्याखाली फडकं धरून फिरवा, नाहीतर निकेलवर ओरखडे उठतात. शॉवरहेड काढताना भिंतीतल्या पाइपला दुसऱ्या पान्याने धरून ठेवा. पन्नास वर्षांची जुनी पाइप भिंतीच्या आत तुटली तर तासाभराचं काम आठवड्याचं होईल. नव्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे द्या. दुकानात शॉवरहेड निवडताना डोकं खाजवायला नको. राज्यात २०१८ पासून मिनिटाला १.८ गॅलनपेक्षा जास्त पाणी सोडणारे शॉवरहेड विकायलाच बंदी आहे. पाण्याचं आरओ यंत्र सिंकखाली असेल तर टाकी भरल्यावर त्याचं सांडपाणी आपोआप थांबतं का, हेही बघून ठेवा. जुन्या यंत्रांत ते दिवसरात्र गळत राहतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसऱ्या बाथरूममधल्या कमोडचं वय शोधणंही सोपं आहे. टाकीचं झाकण उचलून उलटं करा. आतल्या बाजूला किंवा टाकीच्या मागच्या भिंतीवर बनवल्याची तारीख उठवलेली असते. बैठकीच्या दोन बिजागऱ्यांच्या मधे, पोर्सिलेनवरच, एका फ्लशला किती गॅलन तेही छापलेलं असू शकतं. १.६ किंवा त्याहून कमी दिसलं तर तो कमोड चालतो, त्याला हात लावू नका. अमेरिकेत १९९४ पासून घरगुती कमोडसाठी १.६ गॅलन ही कमाल मर्यादा आहे, म्हणून १९९४ नंतरची तारीख दिसली तरी बहुतेक काम भागलं. ऐंशीच्या दशकातली तारीख निघाली तर तो साडेतीन गॅलनचा असणार. म्हणजे निळ्यापेक्षा बरा, पण नियमात न बसणारा.

टाकीत वीट किंवा पाण्याची बाटली ठेवून भागेल का, असं कोणीतरी तुम्हाला सुचवेलच. त्याने जुना कमोड नियमात बसत नाही. वीट पाण्यात विरघळत जाते, तिचा चुरा झडपेत अडकतो आणि टाकी कायमची गळू लागते. शिवाय त्या काळच्या कमोडचं भांडं मुळात पाच गॅलनच्या लोंढ्यासाठी घडवलेलं आहे. पाणी कमी केलं की ते साफ होत नाही, माणूस दोनदा फ्लश करतो आणि सगळी बचत तिथेच संपते.

यावरून तुमच्या मनातल्या तुंबण्याच्या भीतीकडे येतो. ही भीती निराधार नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कंपन्यांनी जुन्याच घडणीत कमी पाणी भरून कमोड विकले आणि ते खरोखरच तुंबत. त्या काळी ज्यांनी बदलले, त्यांच्या तोंडून तुम्ही गाऱ्हाणी ऐकली असतील. पुढे भांड्याचा उतार, मागच्या वळणाची रुंदी, झडपेचा आकार, सगळं नव्याने घडवलं गेलं. आता या कमोडांची एक स्वतंत्र चाचणीही होते, तिचं नाव मॅप. सोयाबीनच्या लगद्याचे मोजून केलेले तुकडे आणि कागद टाकून एका फ्लशमध्ये किती ग्रॅम वाहून जातात ते बघतात. पाणी वाचवणाऱ्या वस्तूंना अमेरिकी सरकारकडून मिळणारं वॉटरसेन्सचं चिन्ह मिळवायला किमान साडेतीनशे ग्रॅमची अट आहे. चांगले कमोड हजार ग्रॅमपर्यंत जातात. नवा घेतलाच तर हा आकडा आठशे-हजाराच्या घरातला बघून घ्या, म्हणजे जुन्या बिडाच्या पाइपांची काळजी करावी लागणार नाही.

आपल्या लोकांच्या घरात आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे कमोडशेजारचा जेट. त्याचा टी-जोड टाकीच्या नळीवर बसवलेला असतो. कमोड बदलताना प्लंबरला तो आधी दाखवा. जुना अँगल कॉक वर्षानुवर्षं फिरवलेला नसेल तर तो बंद करताना गळायला लागेल, म्हणून नवा अँगल कॉक आणि नवी नळी त्याच फेरीत बसवून घ्या. जमिनीतल्या पाइपच्या मध्यापासून भिंतीपर्यंतचं अंतरही आधी मोजा. बहुतेक ठिकाणी ते बारा इंच असतं, पण जुन्या घरांत दहा किंवा चौदाही निघतं, आणि मग दुकानातून आणलेला सुंदर कमोड परत न्यावा लागतो. तळाची मेणाची रिंग जुनी वापरू देऊ नका. काढलेला कमोड कोणाच्या गॅरेजमध्ये ‘अजून चांगला आहे’ म्हणून बसवायला देऊ नका. आपल्याला वस्तू टाकवत नाही, मलाही टाकवत नाही. पण तो जिथे जाईल तिथे एकोणीस लिटरच ओतणार आहे.

अशाच पेचात सापडलेल्या इतर वाचकांसाठी थोडं लिहितो, कारण नियम गावोगावी बदलतात आणि एका गावाचा सल्ला दुसऱ्या गावात नेला की घोटाळा होतो. सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियात, फ्रीमाँट-सनीवेलकडे साठ-सत्तरच्या दशकातली घरं घेतलेली आपली माणसं भरपूर आहेत. राज्याचा कायदा २००९ सालचा. १ जानेवारी १९९४ किंवा त्याआधी बांधलेल्या एका कुटुंबाच्या घरांत १ जानेवारी २०१७ पर्यंत जुन्या जोडण्या बदललेल्या असायला हव्यात, असं तो सांगतो. इमारती आणि व्यापारी जागांसाठी ती तारीख १ जानेवारी २०१९ होती. जिथे गावाचा वेगळा नियम नाही तिथे या कायद्याखाली विक्रेत्याला एक गोष्ट करावीच लागते: नियम काय आहे आणि घरात न बसणाऱ्या जोडण्या आहेत का, हे खरेदीदाराला लेखी कळवायचं. जुनं घर भाड्याने देऊन स्वतः पुण्यात किंवा नाशकात राहणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा. कायदा विकण्याच्या दिवसाची वाट बघत नाही. जुन्या वाड्यासारखी ऐतिहासिक नोंद असलेली घरं, किंवा जिथे बदल करणं तांत्रिकदृष्ट्या शक्यच नाही असं परवानाधारक प्लंबर लिहून देतो अशी घरं, यांना सूट आहे. ‘आमचं घर जुनं आहे’ एवढ्याने ती मिळत नाही.

ज्या शहरांनी २००९ च्या आधीच स्वतःचे नियम केले होते, तिथे त्यांचे नियम चालतात. सॅन दिएगो त्यातलं एक. लॉस एंजेलिस शहरात एस्क्रो बंद होण्याआधी जोडण्या बदलल्याचं प्रमाणपत्र तिथल्या जल आणि वीज विभागाकडे द्यावं लागतं. सॅन फ्रान्सिस्कोचा नियम आणखी निराळा. कॅलिफोर्नियाबाहेरही हे आहे. अटलांटाजवळच्या डिकॅब काउंटीत २००८ पासून १९९३ पूर्वीच्या घरांना असा नियम लागू झाला. तिथे पूर्तता दाखवल्याशिवाय नव्या मालकाच्या नावाने पाण्याचं खातं उघडत नाही. त्यामुळे तिकडे हा प्रश्न विकणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याला जास्त भोवतो, आणि घर घेणाऱ्यांनी तो ऑफर देण्याआधीच विचारावा. घर शहराच्या हद्दीत आहे की लगतच्या दुसऱ्या गावात, हेही बघा. पत्त्यावर सॅन दिएगो लिहिलेलं असतं म्हणून प्रत्येक घर शहराच्या हद्दीत असतंच असं नाही. पाण्याचं बिल कोणाकडून येतं, तिथून सुरुवात करा.

एक मात्र सगळ्यांनाच सांगतो. घर विकण्याचा विचार मनात आला की एजंट शोधण्याआधी झाकणं उचलून बघा. शेवटच्या आठवड्यात प्लंबर दुप्पट पैसे मागतो, हवा तो कमोड दुकानात नसतो, आणि खोटी सही करण्याचा मोह नेमका तेव्हाच होतो. सहा महिने आधी बदललात तर निदान काही काळ त्याचं कमी झालेलं बिल तुमच्या हातात येईल. अनेक ठिकाणी पाणी पुरवणाऱ्या संस्था जुना कमोड बदलण्यासाठी सवलतही देतात. तिचा अर्ज बहुधा खरेदीच्या आधी करावा लागतो, म्हणून पावती फाडण्यापूर्वी विचारा.

तुमच्याबद्दल शेवटचं. सत्तरीच्या आसपास, तीन दशकांहून जास्त राहिलेलं घर सोडताना, कोणताही कागद टोचतोच. मुलं त्याच घरात वाढली असतील, आणि आता एक फॉर्म येऊन घरात काय काय उणं आहे ते विचारतो. तुमच्या रागातला बराचसा भाग त्या निळ्या कमोडचा नसावा, असं मला वाटतं. मात्र तो राग स्नेह्यांच्या सल्ल्याला वाट करून देतोय का, हे तुम्ही दोघांनी एकदा बसून बोला. पत्नीने ‘मुळीच नाही’ म्हटलं तेव्हा त्यांना कशाची भीती वाटली, की नुसतीच लाज वाटली, तेही त्यांना विचारा. इतक्या वर्षांचा संसार आवरताना एखाद्या कागदावरून झालेला वाद मनात ठेवून गाडीत बसू नका.

सोमवारी एजंटबाईंना फोन, मंगळवारपर्यंत खरेदीदारांचं उत्तर, आणि मधल्या वेळात दुधाचं कॅन घेऊन दोन्ही शॉवर मोजून टाका. खरेदीदारांनी हस्तांतराच्या फॉर्मवर सही केली की त्याची प्रत एस्क्रोकडून मागून घ्या आणि टेक्सासला नेताना घराच्या बाकीच्या कागदांबरोबर ठेवा.